शेपूट मागाहून

बोर्ली पंचतनच्या बाजारात खोबरेल तेलाच्या दुकानासमोर साठीकडे झुकलेले एक गृहस्थ काखेत छत्री मारून उभे राहत आणि आत बसलेल्या, चार मुलांचा बाप असलेल्या दुकानदाराला विचारत, "काय रे कॅरी, तेल ताजं आहे का?" कॅरी गादीवरून उठून उभा राही आणि म्हणे, "आजच घाण्यावरून आलंय, मास्तर." मग गृहस्थ वळून बैलगाडीवाल्याला हाक मारत, "अरे स्लीप, परत जाताना मला ने." स्लीप जांभई देत मान डोलावी.

हे दिवेकर मास्तर. पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवत होते. इंग्रजीच्या पहिल्या तासाला ते नव्या मुलाकडे टक लावून बघत आणि त्याला एक इंग्रजी क्रियापद देत. ते त्याला जन्माला पुरे. आईबापांनी ठेवलेलं नाव मास्तरांच्या लेखी रद्द. अशी कितीतरी क्रियापदं त्या टापूत हिंडत होती, दुकानं चालवत होती, मुलींची लग्नं लावत होती. आणि त्याहून जास्त क्रियापदं समुद्रावर होती.

देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. आमच्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. मी माणगावकडचा, भाताच्या खाचरांत वाढलेला, तिसऱ्या प्रयत्नात बी.ए. झालेला आणि हा तिसरा प्रयत्न कोणाला न सांगणारा. मास्तरांच्या हाताखाली दुसरा इंग्रजी शिक्षक म्हणून मी त्या शाळेत रुजू झालो. पहिल्याच दिवशी छाती पुढे काढून म्हणालो, "सर, कसलंही काम सांगा. मी मदतीलाच आलोय."

मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हेल्प," ते म्हणाले आणि एका लांबट वहीत लिहून टाकलं.

"म्हणजे हेल्पफुल ना, सर?" मी लाडात विचारलं.

"किंवा हेल्पलेस. आत्ताच कोणी सांगावं? घाई नको. शेपूट मागाहून."

"शेपूट मागाहून" हे मास्तरांचं पालुपद होतं. क्रियापदाचं विशेषण करताना मागे जो तुकडा जोडतात, त्याला ते शेपूट म्हणत. नुसतं म्हणत नसत, तर लावतही. त्यांच्याकडे पत्र्याच्या डब्यात चिंध्यांची शेपटं होती. लाल म्हणजे 'फुल', काळं म्हणजे 'लेस', निळं 'एबल', हिरवं 'इव्ह', आणि एक भुरकट झालेलं 'सम', जे वर्षातून दोनदाच बाहेर निघे. मुलाला पुढे बोलवायचं, त्याच्या क्रियापदाला कोणतं शेपूट बसतं ते वर्गाला विचारायचं आणि टाचणीने ते त्याच्या चड्डीला मागून लावायचं. 'टॉक' नावाच्या मुलाला 'इव्ह' थेट चिकटत नाही, मध्ये काहीतरी लागतं, म्हणून त्या दोघांच्या मध्ये एक तिसरा मुलगा हात धरून उभा राही. त्या तिघांची वरात वर्गातून एक फेरी मारी, आणि मग तो शब्द कोणी जन्मात विसरत नसे.

एकदा कोणीतरी 'ईट' नावाच्या मुलाला लाल शेपूट लावलं.

"ईटफुल म्हणजे काय रे?" मास्तर म्हणाले. "ईटेबल. ज्याला खाता येतं ते."

"मग सर, जो सारखा खातो तो?"

"तो तुझा मामा. बस खाली."

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. पण ती लांबट वही मी पहिल्यांदा चाळली तेव्हा मला वेगळंच दिसलं. ओळीने नावं, नावापुढे क्रियापद, आणि त्यापुढची जागा बहुतेकांची रिकामी. थोड्याच जणांना शेपूट होतं. एवढी वर्षं शिकवून मास्तरांनी गृहपाठ अर्धवट का ठेवावा, मला कळेना. मी विचारलं.

"ती माणसं आहेत म्हणून," मास्तर म्हणाले. "माणूस आहे तोवर काहीतरी करतोय. आज भांडला, उद्या गळ्यात पडेल. त्याचं विशेषण कसं करणार? करायचं थांबला, की मग बघायचं, तो कसा होता. मग शेपूट."

"म्हणजे ज्यांना शेपूट आहे ते सगळे…"

"गेले," मास्तर म्हणाले आणि वहीवरची धूळ फुंकली.

गावाला हे ठाऊक होतं. कोणी वारलं की बायका एकमेकींना हळूच सांगत, "लागलं बिचाऱ्याला शेपूट." बोर्लीपासून दोन कोसांवर, खाडीच्या तोंडाशी आमच्या शाळेचं हे गाव. त्याचं नाव मी सांगणार नाही, कारण तिथे अजून माझ्या नावाने हसतात. मुसलमानांची वस्ती मोठी, थोडी हिंदूंची घरं, आणि दोन्हीकडचे कर्ते पुरुष बोटींवर. गावात राहिले होते म्हातारे, बायका, शाळेतली पोरं आणि घड्याळं. घरोघरी भिंतीवर परदेशातून आणलेलं घड्याळ, आणि ते घरचा माणूस ज्या बंदरात असेल तिथल्या वेळेला लावलेलं. भर दुपारी साडेबारा वाजता त्या गल्लीतून चाललं, की एका घरात आठचे ठोके पडत, दुसऱ्यात चारचे, आणि रस्त्यावर चिटपाखरू नसे. वाळूत स्वतःच्या चपलांचा आवाजही मागून कोणी येतंय असा वाटे. मी पहिला महिनाभर मागे बघत बघत चाललो आणि दोन वेळा माडाला धडकलो.

अशा गावात मास्तर वही काखेत घेऊन आजाऱ्याच्या समाचाराला निघाले, की काय होत असेल ते बघण्यासारखं होतं. हसन सारंग म्हणून मास्तरांच्या पहिल्यावहिल्या वर्गातला एक होता, पन्नाशीतच म्हातारा झालेला. बोटीवर खलाशांचा मुकादम असतो त्याला सारंग म्हणतात. उभा जन्म दर्यावर घालवून तो आता दमा घेऊन घरी पडला होता. डॉक्टरांनी हात टेकले होते. मास्तर उंबऱ्याशी आले, "कसा आहेस, क्लाइम्ब?" म्हणाले आणि वही मांडीवर घेऊन बसले. सारंगने एकदा वहीकडे पाहिलं, एकदा मास्तरांच्या खिशातल्या पेनाकडे पाहिलं, आणि तीन आठवडे कूस न बदललेला माणूस उठून मागच्या दाराने वाडीत पळाला. पुढे तो चांगला ठणठणीत झाला. गावात म्हणत, डॉक्टरच्या सुईपेक्षा मास्तरांच्या वहीनं जास्त माणसं उठवली.

मास्तरांची दुसरी एक खोड मला फार खटकायची. गावभर इंग्रजी पत्रं येत, कंपन्यांचे कागद येत, बोटीवरच्या कामाचा दाखला येई. त्याला तिथे नळी म्हणतात, कारण पूर्वी तो पत्र्याच्या नळीत घालून ठेवत. हे सगळं वाचून दाखवायला गावात सगळ्यांत लायक माणूस कोण? दिवेकर मास्तर. पण ते वाचत नसत. कोणी कागद पुढे केला की म्हणत, "चष्मा घरी आहे," आणि चष्मा नाकावर असे. पोस्टमन समोरून दिसला तर रस्ता सोडून कुंपणाच्या पलीकडे जात. एकदा तर निवडुंगात गेले. मग लोक कागद घेऊन माझ्याकडे येऊ लागले आणि मी भाव खाऊ लागलो. मास्तरांना इंग्रजी वाचायचा कंटाळा आहे, असं मी दोन-चार ठिकाणी बोललोही. तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो, हे ध्यानात घ्यावं. यापलीकडे माझ्याकडे सबब नाही.

आता शुक्रवारचं सांगतो.

शुक्रवारी नमाजासाठी शाळेला बारापासून अडीचपर्यंत सुट्टी असे. पोरं आणि म्हातारे मशिदीत, बायका घरात, आणि शाळा सुरूच्या बनाला टेकून एकटी उभी. सुरूच्या झाडांना वारा लागला की बाई हळू आवाजात रडते आहे असं वाटतं, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. ओहोटीने समुद्र लांब गेलेला होता. मी खोलीवर जेवायला बसणार, तोच वर्गात विसरलेला डबा आठवला म्हणून परत आलो.

व्हरांड्याच्या पायरीवर पाय ठेवला आणि आतून मास्तरांचा आवाज ऐकला.

"कॅरी."

मग काही नाही. चांगलं दहा श्वासांइतकं काही नाही.

"स्लीप."

पुन्हा सुरूचा आवाज.

"क्लाइम्ब. स्विम. फरगेट. क्वारल."

प्रत्येक शब्दानंतर ते थांबत होते, जसं वर्गात मुलानं उत्तर द्यावं म्हणून थांबतात. मी खिडकीच्या फटीतून पाहिलं. मास्तर टेबलाशी ताठ उभे, पुढे वही उघडलेली. समोर बाकांच्या रांगा, शेवटच्या भिंतीपर्यंत रिकाम्या. एका बाकावर ऊन पडलं होतं आणि त्यात धूळ तरंगत होती. मास्तर त्या धुळीकडे बघत हजेरी घेत होते.

"प्ले," ते म्हणाले.

आणि रिकाम्या वर्गाच्या मागून, अगदी शेवटच्या बाकावरून, बारीक पोरासारखा आवाज आला, "हजर."

मी आमच्या माणगावकडे समंधाच्या गोष्टी ऐकल्या होत्या. किनाऱ्यावर येऊन गिऱ्हा नावाच्या पाण्यातल्या भुताच्याही ऐकल्या होत्या. त्या सगळ्या रात्रीच्या होत्या. भर दुपारी, चुन्याने रंगवलेल्या शाळेत, जगाच्या नकाशाखाली भूत हजेरी देईल याची तयारी नव्हती. मी पळालो. एक चप्पल पायरीवर राहिली आणि दुसरी कुठे गेली ते आजतागायत माहीत नाही. डबा वर्गातच. दुसऱ्या दिवशी मास्तर माझ्या टेबलाशी आले, कागदात गुंडाळलेली चप्पल पुढे ठेवली आणि म्हणाले, "हेल्प, ही तुझी का? एकच आहे." मी मान डोलावून ती घेतली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मास्तरांच्या वहीला वाळवी लागली. कोपरे कुरतडले गेले होते. नवी वही करायला हवी होती आणि मास्तरांना त्याच वेळी हिवताप चढला, म्हणून उतरवून काढायचं काम माझ्याकडे आलं. मी खोलीत बसून रोज दोन-चार पानं लिहीत होतो. एका पानावर आलो आणि थांबलो. ते सगळं पान लढाईच्या आधीच्या मुलांचं. आठ नावं, आणि त्यातल्या सात जणांना शेपटं होती, एकाच शाईत, एकाच दिवशी लावल्यासारखी. आणि त्यांच्या मधोमध: इब्राहिम. प्ले. पुढे रिकामं.

'प्ले' म्हटल्यावरच शेवटच्या बाकावरून 'हजर' आलं होतं. मी पान मिटलं आणि हसन सारंगकडे गेलो. तो वाडीत माडाच्या झावळ्या विणत बसला होता.

"इब्राहिम कोण हो, चाचा?"

"इब्राहिम? लय खेळाडू पोर. माझ्याच बोटीवर होता." सारंगने विणणं थांबवलं. "लढाईच्या सालात लिवरपूलच्या वाटेवर बोट फुटली. आठ पोरं या एका गावची. मी वाचलो, ते न्हाय वाचले. सगळ्या गावाला ठाव हाय. तुमाला कशाला पायजे?"

"काही नाही. वहीत नाव होतं."

"वहीत हाय अजून?" तो म्हणाला आणि पुन्हा विणू लागला. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही.

माझ्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला. माझ्या आयुष्यात डोक्यात जेव्हा जेव्हा लख्ख उजेड पडलाय, तेव्हा पुढे कोणाचं तरी नुकसान झालंय. सात जणांना शेपूट लागलं, ते सुटले. आठव्याचं लावायचं मास्तर म्हातारपणी विसरले. म्हणून ते बिचारं पोर दर शुक्रवारी शेवटच्या बाकावर येऊन हजेरी देत बसतंय. आमच्याकडे दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, की माणसाचं काहीतरी राहिलं म्हणतात. या पोराचं काय राहिलं होतं, ते माझ्यासमोर कागदावर होतं. तीन अक्षरांचं काम. आणि खरं सांगायचं, तर त्या वर्गात मला पुढची वीस वर्षं नोकरी करायची होती.

मी खोलीवर आलो, देवाला नमस्कार केला आणि नव्या वहीत चांगल्या काळ्या शाईने लिहिलं: इब्राहिम. प्लेफुल. आठवीतल्या पोरालाही आलं असतं. लिहून झाल्यावर मला एकदम पुण्य केल्यासारखं वाटलं आणि मी दोन माणसांचा भात जेवलो.

शुक्रवारी सकाळी मास्तरांनी निरोप पाठवून मला घरी बोलावलं. घोंगडी पांघरून बसले होते, डोळे लाल. "आज हजेरी तू घे," ते म्हणाले. "बारा वाजता. वर्गात कोणी दिसणार नाही. तरी घे. ज्यांना शेपूट आहे त्यांना सोडून बाकी सगळे. सावकाश. प्रत्येकाला उत्तर द्यायला वेळ दे."

"कोणाला, सर?"

"समुद्रावरून यायला वेळ लागतो," मास्तर म्हणाले. ते तापात बोलत होते की शुद्धीत, मला ठरवता येईना.

मी गेलो. आता घाबरायचं काय कारण, मी स्वतःला सांगत होतो. वर्गात ऊन होतं, तीच धूळ होती. मी वही उघडली आणि सुरुवात केली. कॅरी. थांबलो. स्लीप. थांबलो. माझा आवाज त्या रिकाम्या बाकांवरून जाऊन भिंतीला लागून परत येत होता आणि परत येताना तो माझा वाटत नव्हता. स्विम. फरगेट. मग ते पान आलं. त्यावर आता सगळ्यांनाच शेपूट होतं. मी पान उलटलं आणि पुढचं नाव घेतलं. "रोम."

मागे काहीतरी हललं.

शेवटच्या बाकाच्या मागून, जमिनीवरून, पांढरी ओढणी हळूहळू वर आली. ओढणीखाली एका म्हातारीचा चेहरा होता. हलीमाबी. मशिदीच्या मागच्या गल्लीत राहायची. तिच्या दारावरून मी रोज जायचो. ती बाकाला धरून उभी राहिली.

"मधला ऱ्हायला," ती बारीक आवाजात म्हणाली. तोच तो आवाज.

"कोण मधला?"

"प्ले. माझा इब्राम."

मी वहीत पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. त्या क्षणी मला तोंड बंद ठेवता आलं असतं. पण मला विचारलं की उत्तर देतो, ही माझी खोड. "त्याला शेपूट लागलं ना, हलीमाबी," मी म्हणालो.

तिनं ओढणी डोक्यावर नीट केली. सोबत आणलेली लहानशी फडक्याची पुरचुंडी बाकावर ठेवली. मग "बरं" म्हणाली आणि बाकांच्या मधून, कुठेही न धडकता, चालत गेली. पुरचुंडीत तांदळाच्या दोन भाकऱ्या होत्या, अजून ऊन.

मी पळत मास्तरांकडे गेलो. सगळं सांगितलं: भूत, सारंग, काळी शाई, पुण्य. मास्तर ऐकत राहिले. मला वाटलं ओरडतील. ते घोंगडी बाजूला सारून उठले, छत्री घेतली, वही माझ्या हातातून घेतली आणि तापाने थरथरत उन्हात निघाले. मी मागून. गल्लीत वही काखेत घेतलेले मास्तर दिसताच पटापट दारं लागत गेली.

हलीमाबीचं दार उघडं होतं. ती अंगणात सुपात तांदूळ निवडत बसली होती. एका घराला लागतील त्याच्या कितीतरी पट तांदूळ. घरात इतकं शांत होतं की मला आधी कळेना काय कमी आहे. मग लक्षात आलं. भिंतीवरचं घड्याळ तिनं थांबवलं होतं.

"या मास्तर," ती मान वर न करता म्हणाली. "उद्या मौलवीसाबांना बोलावते. इब्रामच्या नावानं फातिहा पढून घेते. लय दिस ऱ्हायला."

"हलीमाबी, चूक झाली आहे," मास्तर म्हणाले.

"चूक?"

"या मास्तराची. नवा आहे. याला अजून काही येत नाही. याने भलत्याच ओळीत लिहिलं." मग माझ्याकडे वळून शाळेतल्या आवाजात म्हणाले, "हेल्प. कान धर. वीस."

मी बी.ए. झालेला माणूस. अंगावर इस्त्रीचा शर्ट. मी त्या अंगणात कान धरून उठाबशा काढू लागलो आणि मास्तर छत्री टेकून मोजू लागले. शेजारच्या खिडक्यांच्या फळ्या किलकिल्या झाल्या. सातव्याला शर्टाचं बटण तुटलं. अकराव्याला एक कोंबडी येऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि मी खाली गेलो की मान खाली, वर आलो की वर, असं बघू लागली. बाराव्याला हलीमाबीच्या ओढणीआडून एक आवाज आला. मला वाटलं रडली. ती हसत होती.

"पुरे, मास्तर. मरंल तो."

"चुकीवर कागद चिकटवायचा असतो," मास्तर म्हणाले. "घरात खळ आहे का?"

ती आत गेली आणि मडक्यातल्या पेजेतली शितं वाटीत घेऊन आली. मास्तरांनी वहीच्या शेवटच्या पानाची पट्टी फाडली. हलीमाबीनं स्वतःच्या बोटाने शितं चोळली, पट्टी माझ्या काळ्या शाईवर ठेवली आणि अंगठ्याने कडा दाबत राहिली, बराच वेळ. प्ले. पुढे पांढरं. मग ती पुन्हा आत गेली.

"किती लावू, मास्तर?" आतून तिनं विचारलं.

मास्तरांनी खिशातलं घड्याळ काढलं. पावणेदोन झाले होते. "सव्वाआठ," ते म्हणाले. "तिकडे आत्ता सकाळ." आत लंबक हलला आणि टिकटिक सुरू झाली.

परतताना ते सुरूच्या सावलीत टेकले. दम लागला होता.

"इब्राहिमची तार घेऊन ती माझ्याकडेच आली होती," मास्तर म्हणाले. "शुक्रवारीच, दुपारी, शाळेत. अकरा शब्द होते. दहा मी बरोबर वाचले. अकरावा आला आणि म्हणालो, बोटीला उशीर आहे. इतकी वर्षं पोरांना एका चुकीच्या शेपटासाठी उभं केलं मी. आणि हा एक शब्द." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तेव्हापासून कोणाचं काही वाचत नाही. माझा भरवसा नाही."

मी त्यांना घरी पोचवलं, घोंगडी घातली. भाकऱ्या वर्गातून आणून दिल्या. त्या त्यांच्यासाठीच असत, दर शुक्रवारी.

पुढच्या आठवड्यात हलीमाबी मला विहिरीवर भेटली. बटण लावून देते, शर्ट दे, म्हणाली. शर्ट देताना माझ्या तोंडातून निघून गेलं, "तुम्हाला खरंच वाटतं का हो, हलीमाबी, की…"

"सारंग वाचून आला, तो पयला माझ्या दारात येऊन रडला," ती म्हणाली. "तार मागून आली. मला ठाव न्हाय व्हय? पण मास्तरांनी तो शब्द वाचला न्हाय, म्हणून मी पण ऐकला न्हाय. चाललंय त्यात." तिनं घागर कमरेवर घेतली. "आनि बाबा, त्ये एवढी नावं घेतात दर जुम्म्याला. घरी कोण न्हाय त्यांना. सगळी पोरं दर्यावर. एक तरी हजर नको?"

यानंतर मास्तर चार वर्षं होते. गेले तेव्हा दुपार होती आणि ओहोटी. त्यांच्या सामानात शेपटांचा डबा निघाला आणि वही, तिच्यावर माझं नाव लिहून ठेवलेली. हेल्प. पुढे रिकामं.

त्या शुक्रवारी बारा वाजता मी वर्गात गेलो. हलीमाबी आधीच येऊन शेवटच्या बाकामागे बसली होती. मी वही उघडली. पहिल्या पानाची कडा दुमडलेली असे, ती मी कधी उलगडली नव्हती. वही उतरवतानासुद्धा जुन्या वहीचं ते पान तसंच नव्या वहीला लावून घेतलं होतं. आता उलगडली. सगळ्यांच्या वर, त्यांच्या तरुणपणच्या अक्षरात होतं: दिवेकर. वेट. पुढे रिकामं.

नियम मला ठाऊक होता. मी पेनाचं टोपण काढलं. वाट बघण्याला कोणतं शेपूट लावायचं, एकेक मनात लावून पाहिलं, एकही बसेना. तरी रीत म्हणून मी ते आधी मोठ्याने वाचलं.

"वेट."

सुरूच्या बनात वारा होता. मी पेन कागदाला टेकवलं.

"हजर," शेवटच्या बाकामागून आवाज आला.

मी पेनाला टोपण लावलं आणि पुढचं नाव घेतलं.